हिचे वडील आणि आठ मोटरसायकली

या सगळ्या उपद्व्यापातून दावेसाहेबांना मिळणार काय होतं, तर एक शब्द. तोही दोन अक्षरी, आणि असा की शेंबडं पोर बोलायला लागलं की पहिल्या आठवड्यातच तो फुकट वाटत सुटतं. त्याच्या बदल्यात साहेब पणाला लावायला निघाले होते स्वतःचे दोन गुडघे, एक कंबर आणि विमा कंपनीच्या दावे विभागात तीस वर्षं खुर्ची झिजवून कमावलेला रुबाब. व्यवहार आतबट्ट्याचा होता, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाचं प्रकरण असतं तर त्यांनी लाल शाईत 'नामंजूर' लिहिलं असतं आणि शिपायाला चहा सांगितला असता. पण प्रकरण जावयाचं होतं.

मुलीच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि या काळात जावयाने सासऱ्याला एकदाही, कशानेही हाक मारली नव्हती. मुलगा गुणाचा. सासूला पहिल्या दिवसापासून 'आई'. खालच्या मजल्यावरच्या खडूस म्हातारीला 'मावशी'. पेपर टाकणाऱ्यालासुद्धा 'दादा'. सासऱ्यापाशी आला की मात्र गडी खाकरायचा. खाकरून भागलं नाही तर कपात चमचा वाजवायचा. फोनवर म्हणायचा, "हॅलो, हां, मी बोलतोय. घरीच आहात ना? बरं, ठेवतो." नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून कोरड्या कोरड्या जागा हेरत पलीकडे जावं, तसा तो संबोधनाला पाय न लावता आख्खं संभाषण पार करायचा. अगदीच गळ्याशी आलं तर 'हिचे वडील'.

"'हिचे वडील' ही काय हाक झाली?" साहेब बायकोपाशी धुमसत.

"मग सांगा ना त्याला तसं."

"मी सांगू? मागून घेतलेली हाक म्हणजे स्वतःच विकत आणलेला सत्काराचा हार."

"मग बसा हाराविना," म्हणून बाई भाजी चिरायला लागत.

मार्ग मुलीने दाखवला. "बाबा, तो मोटरसायकलवर बसला की वेगळाच माणूस होतो. ग्रुपचा कॅप्टन आहे. निघायच्या आधी एकेकाला हाक मारून हजेरी घेतो. या रविवारी जाता का त्यांच्याबरोबर? मला दवाखान्यात ड्यूटी आहे, पण आईला मागच्या व्हॅनमध्ये बसता येईल."

हजेरी! साहेबांच्या डोक्यात दिवा लागला. हजेरी घेताना माणसाला खाकरून चालत नाही. काहीतरी उच्चारावंच लागतं.

वीस वर्षं कापडाखाली झोपलेली त्यांची जुनी मोटरसायकल पार्किंगमधून बाहेर ओढण्यात आली, आणि सल्लागारांचं फावलं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, रिकाम्या पोटी गाडी चालवू नका, चक्कर येते. समोरचा औषधवाला म्हणाला, भरल्या पोटी तर मुळीच नको, झोप येते. तेव्हा साहेबांनी नक्की किती पोटी निघावं यावर जिन्यात एक सभा झाली आणि अर्ध्या पोटावर तडजोड ठरली. शेजारच्या सहावीतल्या मुलाने स्केटिंगचे गुडघेपट्टे देऊ केले. ते साहेबांच्या मनगटाला व्यवस्थित बसले. हेल्मेट खालच्या म्हातारीच्या नातवाचं आलं. ते चढवताना कान दुमडले जात आणि काढताना सोलले जात, पण फुकटच्या हेल्मेटच्या आत कुणी डोकावून बघत नसतं.

मग कळलं की लायसन्सची मुदत संपलेली आहे. साहेब परिवहन कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट केले, चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "एक कागद कमी आहे."

"कोणता?"

"तो पुढच्या खिडकीत सांगतील."

साहेबांना राग यायला हवा होता. पण त्यांच्या मनात प्रथम दाटून आला तो आदर. काय तो आवाजातला थंडपणा! त्यांना स्वतःला तो जमायला दहा वर्षं लागली होती.

लायसन्स झालं. मग ग्रुपचा नियम आडवा आला: साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचा दाखला हवा. ग्रुपमध्ये डॉक्टर एकच, आणि तो दातांचा. त्याने साहेबांना खुर्चीत आडवं केलं, आ करायला लावलं, आत बत्ती मारली आणि "मागची दाढ सोडली तर माणूस ठणठणीत आहे," असं लिहून दिलं.

रविवारी उजाडता उजाडता पेट्रोल पंपासमोर आठ मोटरसायकली उभ्या राहिल्या. सात नव्या, धिप्पाड, म्हशीसारख्या काळ्याभोर, आठवी साहेबांची. मागे व्हॅन. ती दोन मोटरसायकली पोटात घेईल एवढी ऐसपैस होती, आणि तिच्यात बसणं ही या मंडळींत सगळ्यात मोठी नामुष्की. गाडी बंद पडली, कुणी थकला, कुणी आपटला, की त्याची रवानगी व्हॅनमध्ये. मग वर्षभर त्याला 'सवारी' म्हणून चिडवायचं. व्हॅन चालवायला मेस्त्री, आणि त्याच्या शेजारी आज साहेबांच्या बाई, मांडीवर उकडलेल्या अंड्यांचा डबा घेऊन.

जावई खरंच वेगळा दिसत होता. पाठ ताठ, आवाज खणखणीत. हजेरी सुरू झाली.

"डॉक्टर!"

"हजर!"

"फरशी!" फरश्यांचा दुकानदार म्हणाला, "हजर!"

पुढची सगळी नावं एकामागून एक गेली. साहेबांनी हेल्मेटमधला श्वास रोखून धरला. जावयाची नजर त्यांच्यावर आली. तोंड उघडलं. मिटलं.

"आणि... चला, सगळे आलेत."

साहेबांनी तरीही "हजर" म्हटलं. काचेच्या आत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

नंतर हातांच्या खुणा समजावण्यात आल्या. चालत्या गाडीवर बोलता येत नाही, म्हणून ही भाषा. डावा हात वर: थांबा. टाकीवर टपटप: पेट्रोल घ्यायचंय. हेल्मेटच्या टाळूवर थाप: पुढे पोलीस. आणि पुढच्याने केलेली खूण प्रत्येकाने मागच्याला करायची, म्हणजे निरोप शेवटपर्यंत पोचतो. कॅप्टन सर्वांत पुढे. त्याच्या मागे, नजरेच्या टप्प्यात राहावेत म्हणून, साहेब. नजरेच्या टप्प्यात ठेवणं हीसुद्धा एक प्रकारची माया असते, असं साहेबांनी स्वतःला समजावलं. पण समोर बघून गाडी चालवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात त्याच्या मागचा माणूस कसा येणार, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि कॅप्टनच्याही.

शहर संपलं, रस्ता मोकळा झाला, आणि नातवाच्या हेल्मेटमध्ये साहेबांच्या टाळूला खाज सुटली. आत बोट जाईना. त्यांनी वरून दोन थापा मारल्या.

मागे हाहाकार झाला. डॉक्टरने थाप मारली, फरशीवाल्याने थाप मारली, शेवटपर्यंत थापा गेल्या. सहाच्या सहा मोटरसायकली बैलगाडीच्या चालीवर आल्या. फरशीवाल्याने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि चेहऱ्यावर आयकर भरल्याचा भाव आणला. पोलीस काही आला नाही. आली ती एक शेळी.

थोड्या वेळाने साहेबांना शंका आली, की टाकीवरच्या पिशवीत चष्म्याचं घर ठेवलं होतं ते आहे की पडलं. त्यांनी टपटप करून चाचपलं. होतं. समाधानाने ते पुढे गेले. त्यांच्या मागची सगळी वरात मात्र डावीकडच्या पंपात वळली. सहाही टाक्या काठोकाठ भरलेल्या. पंपावरचा माणूस नळी हातात धरून एकेका गाडीकडे जाई, झाकण उघडून बघे आणि हताश होऊन पुढच्याकडे जाई. खूश झाल्या फक्त साहेबांच्या बाई. त्यांना केव्हापासून बाथरूमला जायचं होतं आणि मेस्त्रीला सांगायचं कसं हे कळत नव्हतं.

कॅप्टन आणि साहेब तेवढे दोघंच पुढे निघून गेले होते. कॅप्टनला वाटत होतं, मागे सगळे आहेत. साहेबांनाही तेच वाटत होतं, कारण त्यांनी आरशात बघितलंच नव्हतं. आरशात बघायला मान वळवावी लागते आणि हेल्मेट ती वळवू देत नव्हतं. शेवटी त्यांचा खांदा आखडला. त्यांनी डावा हात डोक्यावर नेऊन मस्त आळस दिला, आणि नेमकं तेव्हा जावयाने आरशात बघितलं. तो थांबला. मागचा रस्ता रिकामा होता.

सगळे परत एकत्र आले तेव्हा रस्त्याच्या कडेला चौकशी बसली. जावयाने हेल्मेट काढलं. डॉक्टरचं, फरशीवाल्याचं, कुणाचंच काही चुकलं नव्हतं. त्यांनी खुणा इमानेइतबारे पोचवल्या होत्या. तो साहेबांकडे वळला आणि खाकरला.

"डॉक्टर, जरा ह्यांना... म्हणजे हिच्या वडिलांना सांगता का, की हात हँडलवरून काढायचा नाही म्हणून?"

"अहो, ते समोरच उभे आहेत की!" डॉक्टर म्हणाला.

"आई, तुम्ही तरी सांगा."

बाई व्हॅनच्या खिडकीतून म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं सांगतेय. तुझं ऐकतायत का बघ."

हसले सगळेच. साहेबांचे कान लाल झाले होते, पण ते हेल्मेटमुळेही असू शकेल. त्यांची बदली शेवटी झाली. 'शेपूट' म्हणतात त्या जागेला. शेपटाच्या मागे फक्त व्हॅन. तिथे खुणा करून पोचवायला कुणी नसतं. शेपटाला नियम एकच: कुणालाही मागे सोडून पुढे जायचं नाही. कुणी थांबला, तर शेपूट थांबतं.

चढ लागला. वळणावर जावयाने गाडी कडेला घेतली आणि मागच्या सगळ्यांना पुढे जायची खूण करत उभा राहिला. त्याच्या मागच्या चाकाचा आवाज त्याला बरा वाटत नव्हता. एकेक करून सगळे पुढे गेले. साहेब आले आणि थांबले. जावयाने हाताने 'जा' म्हटलं. साहेबांनी मान हलवली. जावयाने दोन्ही हातांनी 'जा' म्हटलं. साहेबांनी इंजिन बंद केलं.

मागून व्हॅन आली. मेस्त्री वेग कमी करू लागला तशा बाई म्हणाल्या, "थांबू नका. चला पुढे."

"अहो वहिनी, गाडीला काहीतरी झालेलं दिसतंय."

"गाडीला काही का होईना. तीन वर्षांत दोघं पहिल्यांदा एकटे सापडलेत. चला म्हणते ना!"

व्हॅन गेली, आणि तिच्याबरोबर जॅक, पाने, हवेचा पंप आणि अंडी. जावयाने वाकून बघितलं. मागचा टायर कडेने चांगला बोटभर फाटला होता. मोबाइलला रेंज नव्हती.

"तुम्ही पुढे जाऊन व्हॅनला परत पाठवाल का?"

"शेपटाने कुणाला मागे सोडायचं नाही. नियम तुमचाच आहे, जावईबापू."

"अहो पण..."

"नियमाला 'अहो पण' नसतो." तीस वर्षांची सवय बोलत होती.

दोघं कठड्यावर बसले. खाली दरीत कुठेतरी एक ट्रॅक्टर चालला होता. साहेबांच्या खिशात खोकल्याच्या दोन गोळ्या निघाल्या. एकेक वाटून घेतली. चघळता चघळता साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "एक विचारू? राग मानू नका. तुम्ही मला हाक का मारत नाही?"

जावई खाकरला.

"खाकरू नका. इथे कप नाही, चमचा नाही."

जावयाने गोळी या गालातून त्या गालात सरकवली. मग जावई म्हणाला, "तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मी?"

"पहिल्यांदा घरी आलो तेव्हा. तुम्ही दार उघडलंत. मी म्हणालो, 'नमस्कार काका.' तुम्ही म्हणालात, 'मी कुणाचा काका-बिका नाही,' आणि आत निघून गेलात. मी आपला दारात, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन."

साहेबांना सफरचंदं आठवली. मग तो दिवस आठवला. त्या दिवशी सकाळी वीजबिलाच्या खिडकीतली मुलगी भर रांगेत त्यांना म्हणाली होती, "ओ काका, मागे व्हा." सेवेतल्या अधिकाऱ्याला! तो राग दिवसभर डोक्यात उकळत होता आणि दार उघडल्यावर समोर जो उभा होता त्याच्यावर सांडला.

"अहो, ते तुम्हाला नव्हतं हो. ते त्या खिडकीतल्या मुलीला होतं."

"मला कसं कळणार?"

"बरं, काका नाही तर नाही. दुसरं काही म्हणायचं."

"दुसरं एकच उरतं ना," जावई फाटक्या टायरकडे बघत म्हणाला. "आणि त्यावरही 'मी कुणाचा बाबा-बिबा नाही' म्हणाला असतात, तर?"

तीस वर्षं साहेबांनी लोकांचे दावे फेटाळले. हा एक त्यांनी दाखल होण्याआधीच फेटाळला होता, आणि वर तीन वर्षं वाट बघत बसले होते, की अजून अर्ज कसा नाही आला! त्यांना एकदम तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटलं.

"मी व्हॅन घेऊन येतो," ते घाईघाईने म्हणाले.

"आणि नियम?"

"नियम गेला खड्ड्यात."

हेल्मेट चढवून, गाडीवर बसून त्यांनी स्टँड काढला. चढ होता. गाडी न्यूट्रलमध्ये होती. साहेब किक शोधत होते तेवढ्यात कठडा पुढे पुढे सरकायला लागला. कठडा असा का चाललाय, याचा ते विचार करत असतानाच समोरून आरोळी आली:

"अरे बाबा, ब्रेक! ब्रेक दाबा!"

या क्षणी कुठलाही शहाणा माणूस ब्रेक दाबतो. मोटरसायकलवरून माणसं किती प्रकारे पडतात, हे साहेबांना फाइलींमुळे तोंडपाठ होतं. पण समोरून आलेला शब्द नीट ऐकून घेण्यासाठी दोन्ही हात सोडून हेल्मेटची काच वर करणारा माणूस त्यांनीही पाहिला नव्हता.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं, आणि उलट्या चालीने रस्त्याकडेच्या चरात गेले.

चरात चिखल होता, गवत होतं, म्हणून बरं. साहेब उताणे पडले आणि आभाळाकडे बघत हिशेब करू लागले. 'अरे बाबा' धरायचं का? 'अरे बाबा' तर कुणीही कुणालाही म्हणतं. सुटे नाहीत म्हणणाऱ्या दुकानदाराला म्हणतं, वाटेत आडव्या पसरलेल्या कुत्र्याला म्हणतं. नाही, हे ग्राह्य नाही.

तेवढ्यात जावई चरात उडी मारून उतरला. चेहरा पांढराफटक. "बाबा, लागलं का? बाबा, पाय हलवा. दुसरा. बाबा, इकडे बघा, बोटं किती?"

"तीन. पण एक तुमचं कापलंय."

"माझं मरू द्या! हात सोडतं का कुणी हँडलवरचे? आणि वर विचारताय, 'काय म्हणालात'! काही कळतं का तुम्हाला? वय काय आपलं? तुम्हाला काही झालं असतं तर मी... हिला काय सांगणार होतो मी?"

इतकी खरमरीत बोलणी साहेबांना गेल्या कित्येक वर्षांत बायकोशिवाय कुणी ऐकवली नव्हती. ते चिखलात पडून ती कान देऊन ऐकत होते. तरी मनातला पडताळणी अधिकारी हटेना. घाबरलेल्या माणसाचा जबाब. भीती ओसरली की हा पुन्हा खाकरायला लागेल.

पुढे सगळे जेवायच्या ठरलेल्या खानावळीत पोचले आणि हे दोघं आले नाहीत, म्हणून व्हॅन माघारी आली. बाईंनी चरात बघितलं. नवरा चिखलाने माखलेला, जावई त्याच्या पायाला रुमाल बांधत बसलेला.

"बोला म्हणून सोडलं होतं दोघांना," बाई म्हणाल्या. "कुस्ती खेळा म्हणून नाही."

साहेबांच्या गाडीचं हँडल वाकलं होतं, आरसा गेला होता. कॅप्टनच्या गाडीला बसेल असा टायर तर मेस्त्रीकडे नव्हताच. दोन्ही गाड्या फळीवरून व्हॅनमध्ये चढवल्या आणि कॅप्टन व शेपूट दोघंही मागे, त्यांच्या शेजारी बसले. वाटेत जावई चार वेळा खाकरला. साहेबांनी चारही मोजले, आणि त्यांचा धीर सुटत गेला.

खानावळीच्या पत्र्याखाली सहाजण हात धुऊन बसले होते. व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि आतून कॅप्टन उतरला, तशी फरशीवाल्याने बाकावर ताल धरला.

"अरे, कॅप्टन सवारी! सवारी आली, सवारी आली!"

डॉक्टरची नजर मागून लंगडत उतरणाऱ्या, चिखलाने भरलेल्या साहेबांवर गेली. त्याने हलकेच डोळा मिचकावला. "समजलं. सासरेबुवांनी पाडलं ना? आता यांनी कुठली खूण केली?"

सगळे हसायला लागले. आयता रस्ता होता. जावयाने नुसतं हसून मान हलवली असती तरी सगळं निभावून गेलं असतं. साहेबांनी तर स्वतःच तसं सांगायची तयारी केली होती. तोंडही उघडलं होतं.

जावई खाकरला.

मग म्हणाला, "नाही. माझा टायर फाटला. पुढे कुणी मागे वळून बघितलं नाही. बाबा माझ्यासाठी थांबले."

न किंचाळता. न घाबरता. सहाजणांसमोर, आधी 'अरे' न लावता. साहेबांनी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. कुठेही खोट निघेना.

"बाबा, तिथे उन्हात नका उभे राहू. इथे बसा."

ते बसले. बाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "डोळ्यात काही गेलं का?"

"धूळ."

"काच खाली होती ना?"

"मग काचेतून गेली," म्हणून साहेबांनी तोंड पलीकडे वळवलं.

परतीच्या वाटेवर व्हॅनमध्ये जावयाला झोप लागली. पहाटेपासूनचा जागा. वळण आलं की त्याचं डोकं मोटरसायकलच्या टाकीवर आपटायला जाई. "अरे, नीट टेक ना मान इकडे," साहेब म्हणाले आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तीन वर्षं जपलेलं 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते त्यांना कळलंही नाही. बाईंना कळलं.

एकूणात, टायर जावयाचा गेला आणि आरसा सासऱ्याचा. कॅप्टनची ताठ पाठ वर्षभरासाठी फरशीवाल्याच्या 'सवारी'च्या तोंडी गेली. दोघांचं जेवण बाकीच्यांनी आधीच संपवलं होतं, म्हणून दिवसभर पुरवून खायची अंडी बाईंनी दोघांत वाटून टाकली आणि स्वतः कोऱ्या चहावर भागवलं. आणि साहेबांचा उजवा हात, ज्याच्या खांद्यावर ते डोकं होतं, घर येईपर्यंत मुंग्यांनी भरून बधिर होत गेला. तो त्यांनी हलवला नाही.